देवाला पत्ता कशाला?

पूजेला बसलं की गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात: कोणतं द्वीप, कोणत्या नदीचा काठ, कोणती तिथी, गोत्र कोणतं, नाव काय. रायपूरच्या आम्हा मराठी घरांत जुने गुरुजी काठ गोदावरीचाच सांगत. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, महादेवघाटावरून वाहते ती खारुन." ते म्हणाले, "कूळ कुठलं तुमचं?" आता येणारे तरुण गुरुजी खारुन म्हणतात. मला हेच बरोबर वाटतं. आपण बसलोय कुठे, ते सांगायचं. आलो कुठून, ते गोत्रात येतंच.

देव सर्वव्यापी, मग हा पत्ता कोणासाठी? माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, त्यामुळे हा प्रश्न मला नंबरांपाशी घेऊन जातो. टोरांटोतल्या भाच्याला रायपूरचा, म्हणजे 0771 चा, इंटरनेटवरून वाजणारा नंबर हवाय. त्याची आई, माझी ताई, लँडलाइनशिवाय दुसऱ्या फोनला हात लावत नाही. परदेशी कंपन्यांच्या यादीत त्याला टोरांटोचे, लंडनचे नंबर मिळतात, रायपूर नाही. "मामा, तुमचं खातं कंजूष!"

कंजूषपणाचा प्रश्न नाही. आपल्याकडे लँडलाइनचा नंबर साधारण तालुक्याएवढ्या क्षेत्राला बांधलेला असतो. देशात अशी अडीच हजारांवर क्षेत्रं आहेत. नंबर सरकारचा, तो मिळतो परवानाधारकाला, आणि परवानाधारक इथल्या कायद्याला बांधील असावा लागतो. 2018 मध्ये इंटरनेट टेलिफोनीला वाट मोकळी झाली, तीही परवानाधारकांनाच. जर्मनीतही ज्या गावाचा नंबर, त्या गावाशी संबंध दाखवावा लागतो. जिथे अशी अट आहे, तिथे सर्व्हर कुठेतरी ठेवून नंबर वाटणाऱ्याची यादी कोरीच राहते.

वेदान्ती म्हणेल, घटाकाश आणि मठाकाश, म्हणजे घड्यातली आणि मठातली पोकळी, एकच; सिग्नलला कसला तालुका? खरंय. पण संकल्पातला पत्ता देवाच्या माहितीसाठी नसतोच. तो बोलणाऱ्याला बांधतो: हे मी, इथे, आज करतोय. परदेशातून येऊन इथला नंबर दाखवणारे फसवे कॉल अडवायला ऑक्टोबर 2024 मध्ये यंत्रणा बसवावी लागली, ती बोलणारा कोण आणि कुठला हे कळेना म्हणूनच. भाचा स्वतः गणपतीत 'क्रौंचद्वीपे' म्हणतो, कारण तिकडचे गुरुजी तसंच सांगतात. देवापुढे क्रौंचद्वीप चालतं, आईपुढे मात्र 0771 हवं!

फेब्रुवारी 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने लँडलाइनचे नंबर तालुकावार न देता परवाना-क्षेत्रवार द्यावेत, अशी शिफारस केली. आमचं परवाना-क्षेत्र अजून मध्य प्रदेशासकट एकच. 2000 साली आमचं राज्य वेगळं झालं, हे त्या नकाशाला ठाऊक नाही. ही शिफारस लागू झाली तर नव्या नंबरावरून माणूस रायपूरचा की उज्जैनचा, काही कळायचं नाही. मोबाइलने ही सवय लावलीच आहे. सिम घेताना आपण कोण, हे आधार दाखवून सांगतो. बोलतोय कुठून, हे नंबर सांगत नाही. कर्ता राहिला, ठिकाण गळलं. निम्म्या संकल्पावर सगळ्यांचं भागतंय, आणि तक्रार कोणाची ऐकू येत नाही.