छेदातली मुलं

एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांच्या घरी दुसरा विषय नसतो. कॉलेजांचे होकार-नकार आलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंत निवड कळवायची असते. ज्या घरातल्या मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, तिथे प्रत्येक कॉलेजबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: यांची किती टक्के मुलं मेडिकलला लागतात? न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तो जास्तच आग्रहाने विचारला जातो. आईवडिलांच्या मनात बारावीनंतरची एक प्रवेशपरीक्षा आणि अठराव्या वर्षी नक्की झालेलं एमबीबीएस असतं. इथे मात्र आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल.

पूर्वी असं नव्हतं. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा कुणी पदवी मागितली नाही. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. 1893 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं ते पदवीधरांसाठी. मेरी गॅरेट यांनी देणगी देताना ही कडक अट आणि स्त्रियांना समान प्रवेश, दोन्ही मान्य करून घेतलं होतं. 1910 च्या फ्लेक्सनर अहवालानंतर इतरांनाही प्रवेशाच्या अटी वाढवाव्या लागल्या.

तर ती टक्केवारी. समजा, पहिल्या वर्षी शंभर मुलं स्वतःला ‘प्रीमेड’ म्हणवतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या चाळणीतून चाळीस उरतात. काही कॉलेजांत एक समिती शिफारसपत्र देते आणि कच्च्या वाटणाऱ्या मुलांना ते नाकारते; तसं तिसांनाच पत्र मिळालं आणि सत्तावीस लागली, की कॉलेज अभिमानाने नव्वद टक्के छापतं. अंश खरा आहे, छेद मात्र शंभराचा तीस झाला. बाकीची सत्तर मुलं कुठल्याच हिशेबात नाहीत, आणि आपली मुलगी त्यांतली एक असू शकते. हा आकडा मला अप्रामाणिक वाटतो, आणि त्यावर लाखो डॉलर्सचा निर्णय घेणं धोक्याचं वाटतं.

न्यू ऑर्लिन्सच्या झेव्हियर युनिव्हर्सिटीने वेगळी वाट धरली. कॅथरिन ड्रेक्सेल यांनी 1925 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन केलेलं हे छोटं कॅथलिक विद्यापीठ. हार्वर्ड-येलचं वलय नाही, पैसा नाही, आणि येणारी अनेक मुलं साधनं तोकडी असलेल्या शाळांतली. तरीही पुढे डॉक्टर झालेल्या कृष्णवर्णीय पदवीधरांच्या संख्येत ते कितीतरी मोठ्या विद्यापीठांच्या पुढे राहत आलं आहे. तिथल्या शिक्षकांनी रसायनशास्त्राच्या वेगवेगळ्या तुकड्यांचा अभ्यासक्रम एकसारखा केला, सरावाच्या वह्या स्वतः तयार केल्या, मुलांना गटाने अभ्यासाला बसवलं आणि वरच्या वर्गातल्यांना खालच्यांना शिकवायला लावलं. मागे पडणारा मुलगा तिथे लवकर कुणाच्या तरी लक्षात येतो.

हे महत्त्वाचं आहे, कारण अर्जात पहिल्या सत्रापासूनचा प्रत्येक ग्रेड जातो, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. घरापासून दूर, सतराव्या-अठराव्या वर्षी आलेला पहिला ‘सी’ चार वर्षं सोबत राहतो.

पैशांचाही विचार हवा. नामांकित खासगी कॉलेजांत वर्षाचा खर्च 80,000 डॉलर्सच्या वर गेला आहे, आणि मेडिकलची चार वर्षं त्यानंतरची. आपल्याच राज्याचं विद्यापीठ चांगलं असेल तर ते नाकारायला भक्कम कारण हवं. शेजाऱ्यांना सांगताना नाव मोठं वाटतं, हे ते कारण नव्हे.

आणि एक गोष्ट पालक टाळतात. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक जण एमडीसाठी अर्ज करतात, जागा साधारण तेवीस हजार. शिवाय कित्येक मुलांचं मन दुसऱ्याच वर्षी इतिहासात किंवा संगणकशास्त्रात रमतं. आवश्यक विषय पुरे केले तर मेडिकल स्कूल इतिहासाची पदवीही चालवून घेतं, पण मुलगी डॉक्टर झालीच नाही, तरी ते कॉलेज तिच्यासाठी योग्य ठरायला हवं.

म्हणून कॉलेज बघायला गेल्यावर विचारावं: पहिल्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला इथे कोण भेटतं? गेल्या वर्षी प्रीमेड सोडलेली मुलं आता काय शिकताहेत? प्रवेश कार्यालयात उत्तर मिळालं नाही, तर कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं गाठावीत. आपल्या वर्गातलं कोण कोण गळलं, हे त्यांना नावानिशी ठाऊक असतं.