कणव आणि आदर

गरिबांच्या संसाराचे चित्र पाहून आपल्याला गहिवरून येते आणि तेवढ्यावर आपण स्वतःला सहृदय समजू लागतो. पण कणव म्हणजे आदर नव्हे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रापुढे हा भेद स्पष्ट जाणवतो.

हॉलंडमधील न्यूनेन या खेड्यात १८८५ साली त्याने हे चित्र रंगविले. त्याआधीच्या हिवाळ्यात तो शेतकऱ्यांचे चेहरे चितारून हात बसवीत होता. टांगलेल्या दिव्याखाली पाच माणसे जेवायला बसली आहेत. सर्वांत मिळून एकच ताट, त्यात वाफाळणारे बटाटे. म्हातारी कॉफी ओतते आहे. चेहरे राकट, बोटे हाडकुळी आणि रंग मातीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा. ताट एक असले तरी नजरेला नजर क्वचितच भिडते. दिवसभर राबलेल्या माणसांची ही मूक सोबत आहे. तिला दुःख म्हणावे की समाधान, हे चटकन ठरविता येत नाही.

व्हॅन रापार्ड या चित्रकार मित्राने या आकृतींना बेढब ठरविले आणि त्यांची मैत्री दुरावली. व्हिन्सेंटला मात्र ही माणसे गोंडस करावयाची नव्हती. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात आहेत, हे अन्न त्यांच्या कष्टाचे आहे, असे त्याने थिओ या आपल्या भावाला कळविले होते.

कणवेशिवाय मदतीचा हात पुढे होईल का, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु कणव वरून खाली पाहते. आदर समोर बसतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातील शेतकरी कुटुंब पाहून आपण हळवे होतो आणि दारी भाजी घेऊन आलेल्या बाईशी आठ आण्यांसाठी घासाघीस करावी तशी आजही रुपया-दोन रुपयांसाठी करतो. तेव्हा आपल्या हळवेपणाची किंमत कळते.

चित्रात एक मुलगी आपल्याकडे पाठ करून बसली आहे. तिच्या मनात काय आहे, हे चित्रकाराने आपल्याला सांगितलेले नाही. तिचे सुखदुःख त्याने तिचे तिच्यापाशीच राहू दिले. दुसऱ्याच्या घरात डोकावताना एवढी मर्यादा आपणही पाळावयास हवी.