आता या वयात कशाला?

पक्षाघाताच्या झटक्यातून किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेतून वाचलेला वृद्ध घरी परततो, तेव्हा त्याच्या कागदांवर औषधांच्या यादीखाली आणखी एक सूचना असते: नियमित फिजिओथेरपी. औषधे नेमाने दिली जातात. ही सूचना मात्र लवकरच मागे पडते. रिक्षाचे भाडे, सोबतीला माणूस, नोकरीतला खाडा, आणि या साऱ्यांच्या मागे उभा असलेला एक प्रश्न: आता या वयात कशाला?

हा प्रश्न निर्दयतेतूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो वृद्धच विचारतात. पैसे नातवंडांच्या शिक्षणाला राहू देत, ही वाणी प्रेमाचीच आहे. तरीही त्या प्रश्नात एक माप दडलेले आहे: जो पुरता बरा होणार नाही, त्याच्यावरील खर्च वाया गेला.

याच मापाचा वाद अमेरिकेत न्यायालयात गेला. मेडिकेअर ही तेथील वृद्धांची शासकीय आरोग्यविमा योजना. रुग्णात सुधारणा दिसत नसेल, तर अशा उपचारांचा खर्च नाकारण्याचा प्रघात तेथे पडला होता. २०१३ साली न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने स्पष्ट झाले की आहे ती शक्ती टिकविण्यासाठी किंवा घसरण मंदावण्यासाठी प्रशिक्षित हातांची गरज असेल, तर तोही उपचार देय ठरतो. आपल्याकडे २०२४ साली आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना खुली झाली. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. जाऊन-येऊन घ्यावयाच्या उपचारांचा भार कुटुंबावरच राहतो.

टिकविणे ही लहान गोष्ट नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. शौचास स्वतः उठून जाणे आणि त्यासाठी कुणाला हाक मारणे, यांत अंतर चार पावलांचेच असते. पण ते ओलांडता न येणाऱ्याला विचारावे, ते किती लांब आहे.

येथे कुणी श्रद्धावंत म्हणेल, दुःख हा क्रूस आहे, तो स्वीकारावा. खरे आहे. पण आपला क्रूस स्वीकारणे वेगळे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवून स्वस्थ बसणे वेगळे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितपत्र लिहिले. दुःखाचे तारक मोल सांगून झाल्यावर अखेरीस ते वळतात दयाळू शोमरोनी माणसाकडे, म्हणजे जखम बांधणाऱ्या हातांकडे.

मग चालता येण्यातच माणसाची प्रतिष्ठा आहे काय? मुळीच नाही. अंथरुणाला खिळलेला देहही देवाचेच प्रतिरूप आहे. म्हणूनच उपचार हा वृद्धाचे मोल वाढविण्यासाठी नसतो. ते मोल आधीच पूर्ण आहे, म्हणून तो द्यावयाचा असतो. आणि म्हणूनच तो लादताही येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस आहे. प्रभू त्याला आधी त्याची इच्छा विचारतो. त्याच्या उत्तरात तक्रार आहे ती रोगाची नव्हे, तर तळ्यात उतरविणारे कुणी नसल्याची.

आपल्या धर्मग्रामातील अनेक वृद्धांचे दुखणे हेच आहे. हा भार एकट्या सुनेच्या किंवा अविवाहित लेकीच्या माथी मारणे हाही अन्यायच. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाची खाट उचलायला चौघे होते. शेजारच्या रिक्षावाल्याने एक फेरी, निवृत्त शेजाऱ्याने एक दुपार, तरुणांनी आळीपाळीने सोबत द्यावी. मात्र आधी त्या वृद्धाला विचारावे आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. कदाचित त्याचे ‘कशाला?’ म्हणजे नकार नसेल. कुणाला त्रास नको, एवढेच त्याला म्हणायचे असेल.