पियासेच्नोच्या रब्बींची दुरुस्ती

हसिदी या ज्यू भक्तिपंथातल्या रब्बीचे चरित्र वंशावळीपासून सुरू होते, कारण तिथे गादी बहुधा घराण्यातच राहते. पियासेच्नोचे रब्बी कालोनिमस काल्मन शापिरा यांचेही तसेच. १८८९ साली वॉर्साजवळच्या ग्रोजिस्क गावी जन्म. तिथले रब्बी असलेले वडील हा मुलगा लहान असतानाच वारले. कोझेनित्सच्या रब्बींची मुलगी राखेल खाया मिरियम ही पत्नी. ती व्यासंगी होती आणि त्यांच्या लेखनाच्या कामात तिचा हात असे. १९२३ साली त्यांनी वॉर्सात येशिवा, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाची शाळा, काढली. मुलाला धाकाने नव्हे, तर त्याच्या आत्मसन्मानाला हात घालून शिकवावे, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९३२ साली आले. १९३७ साली पत्नी गेली.

मग १९३९ चा सप्टेंबर. जर्मनांच्या बॉम्बहल्ल्यात एकुलता एक मुलगा जखमी झाला. तो इस्पितळात असताना बाहेर थांबलेली सून आणि तिच्यासोबतची नातलग बाई दुसऱ्या हल्ल्यात ठार झाल्या. मुलगाही वाचला नाही. काही आठवड्यांत आई गेली. त्याच सुमारास त्यांनी बायबलमधल्या सारेच्या मृत्यूवर प्रवचन केले. तिचा मुलगा इसहाक याच्या बलिदानाच्या कथेला लागूनच तिचा मृत्यू येतो. त्यांनी अर्थ लावला तो असा: दुःख प्रमाणाबाहेर गेले की माणूस मोडतो, आणि हे देवाच्या नजरेस आणण्यासाठीच या दोन कथा शेजारी ठेवल्या आहेत. स्वतःच्या मुलाचा उल्लेख न करता, ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरातल्या मृत्यूच्या वतीने त्यांनी देवापुढे फिर्याद मांडली. श्रद्धेला प्रश्न विचारता येत नाही असे मानणाऱ्यांनी, आणि श्रद्धा म्हणजे प्रश्न टाळणे असे म्हणणाऱ्यांनीही, हे प्रवचन वाचावे.

जर्मनांनी ज्यूंना कोंडले त्या वॉर्साच्या घेट्टोतही ते बोलत राहिले. १९४१ च्या हिवाळ्यात त्यांनी सांगितले होते की ज्यूंवर अशी संकटे पूर्वीही आली आहेत, म्हणून आत्ताच श्रद्धा डळमळू देऊ नये. १९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सातून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे ज्यूंना नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. त्यांची मुलगीही त्यात नेली गेली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी जुन्या प्रवचनाला टीप जोडली: ते म्हणणे तेव्हापर्यंतच्या छळापुरते खरे होते, त्यानंतर जे झाले त्याला इतिहासात तोड नाही.

मला या माणसाची थोरवी इथे दिसते. घरातले सगळे गेल्यावर, स्वतःच दिलेला दिलासा अपुरा ठरला हे त्यांनी लिहून ठेवले. आणि मूळ वाक्य पुसले नाही. आपण पूर्वी काय म्हटले होते हे लपवण्याची धर्मगुरूंना, विचारवंतांना, पुढाऱ्यांना केवढी घाई असते! या टिपेला कुणी श्रद्धेचा पराभव म्हणतात. ते मला पटत नाही. ज्याला देवाशी खोटे बोलायचे नाही, त्याला अनुयायांशीही खोटे बोलता येत नाही.

हस्तलिखिते इतिहासकार रिंगेलब्लुम यांनी घेट्टोत जमवलेल्या गुप्त दप्तराबरोबर दुधाच्या कॅनमध्ये पुरली गेली. ती पॅलेस्टाइनमधल्या भावाकडे, येशायाहूकडे पोचवावीत अशी चिठ्ठी सोबत होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्राव्निकी छावणीत जर्मनांनी रब्बींना मारले. १९५० च्या डिसेंबरात वॉर्सात बांधकामाच्या वेळी कॅन सापडला, तेव्हा तो भाऊही हयात नव्हता. १९६० साली इस्राएलमध्ये ही प्रवचने छापली गेली. त्यांतून केवळ धीर देणारी वाक्ये निवडून उद्धृत करण्याचा मोह होतो. पण टिपेला वगळून केलेले असे वाचन रब्बींवर अन्याय करणारे आहे.