गणितातलं घर

माणूस एका घरात राहतो, हे साथीच्या गणितात इतकं मुरलेलं असतं की ते गृहीतक आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या जनगणनेतसुद्धा एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. एकाला लागण झाली की ते घर बंद करायचं. हिशेब सरळ आहे.

ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांत हा हिशेब पहिल्याच पायरीला अडतो. तिथलं एखादं पोर दोन रात्री आजीकडे असतं, मग मावशीकडे, मग चुलत भावंडांत. त्याचं घर कोणतं, असं विचारणाराच तिथे खुळा ठरेल. तिथल्या काही संशोधकांनी हे ओळखलं आणि साथीच्या गणिती मॉडेलमधली माणसंही घराघरांतून फिरती ठेवली. करोनाच्या वेळी त्यातून निघालं ते असं: पहिला रुग्ण सापडेपर्यंत संसर्ग पुढे गेलेला असणार, म्हणून रुग्णाच्या एका घरापुरतं विलगीकरण पुरणार नाही, सगळा गोतावळाच धरावा लागेल. लोकांची राहणी ‘अडचण’ न मानता तिलाच गणिताचा पाया केला, हे मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

पण मॉडेल ‘वेगळं राहा’ म्हणू शकतं, खोली देऊ शकत नाही.

न्यू साउथ वेल्समधलं विल्कॅनिया हे डार्लिंग नदीकाठचं जेमतेम 750 वस्तीचं गाव, बहुतेक बारकिंजी लोकांचं. घरं कमी, माणसं फार. इथे करोना शिरला तर काय होईल, याची धास्ती ‘मारी मा’ या आदिवासी आरोग्य संस्थेने मार्च 2020 मध्येच केंद्रीय मंत्र्यांना पत्राने कळवली होती. त्यासाठी संगणक लागला नव्हता. ऑगस्ट 2021 मध्ये साथ आली आणि सुमारे 150 जणांना लागण झाली. ऐन थंडीत लोक अंगणात तंबू ठोकून घरच्यांपासून वेगळे राहिले. सरकारने मुक्कामाच्या मोटारगाड्या पाठवल्या, पण तोवर त्या पत्राला दीड वर्ष उलटलं होतं.

साथ पसरण्याचं कारण म्हणून बोट मात्र दाखवलं गेलं 13 ऑगस्टच्या एका अंत्यविधीकडे. त्या दिवशी गावात टाळेबंदी नव्हतीच. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागली. मयताला किती माणसं जमली, याची चर्चा लगोलग झाली. घरं पुरत नाहीत, हे मात्र पत्रात आधीच लिहिलेलं होतं.