सोपाऱ्याची माती

सन १३२१. केरळातल्या कोल्लमला जायला निघालेले गलबत भलत्याच बंदरात, ठाण्याला लागले. पाच परदेशी धर्मबंधू उतरले. चौघे फ्रान्सिस्कन, पाचवा डॉमिनिकन संघाचा जॉर्डानस. ठाण्यात सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची पंधराएक घरे होती. पंथ निराळा, तरी त्यांनी पाहुण्यांना थारा दिला. जॉर्डानसला फारसी चांगली येत होती, म्हणून यजमानांनी त्याला भडोचकडच्या ख्रिस्ती वस्त्यांची खबर घ्यायला धाडले.

तो तिकडे असतानाच इकडे काझीपुढे धर्मावरून वाद पेटला आणि चौघांना ठार मारण्यात आले.

जॉर्डानस परतला. जिनोव्हाचा एक तरुण मदतीला आला. दोघांनी ते देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला आणले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. आता मायदेशाचे गलबत धरले असते, तर त्याला कुणी बोल लावला असता?

याच सोपाऱ्याचा एक व्यापारी, पूर्ण, फार पूर्वी बुद्धांकडे भिक्खू झाला होता. त्याला आपल्या तापट मुलखात परतायचे होते. लोकांनी शिव्या दिल्या तर? बुद्धांनी विचारले. हात उगारला नाही, म्हणजे भलेच आहेत असे म्हणेन, पूर्ण उत्तरला. मारले तर? शस्त्र उचलले नाही, एवढे भले.

जॉर्डानसच्या कानी ही गोष्ट गेली नसेल. पण तो राहिला. अडीच वर्षे एकटा. त्याला कैद झाली, शिव्याशाप मिळाले, अंगावरचा झगाही गेला. हे सारे त्याने पत्रात लिहिले आणि मागितले काय, तर आणखी धर्मबंधू. ते पत्र त्याने ठाण्यातूनच लिहिले. सोबत्यांना जिथे मारले, त्याच गावातून! माझे मन इथे दर वेळी थबकते.

१३२९मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. त्याने या देशाविषयी लॅटिनमध्ये पुस्तकही लिहिले. दुःखाने त्याची नजर कडवट झाली असती, तर ते आपण समजून घेतले असते. पण इथली माणसे खरे बोलणारी, न्यायाला जपणारी आहेत, असे त्याने त्यात नोंदवले. आंब्याच्या गोडीचे वर्णन केले. आणि फणस पाहून हरखलेल्या या माणसाने लिहिले, की हे एकच फळ पाच जणांना पुरते.