बाळसे की सूज?

या स्मरणिकेची पाने जरा उलटून पाहा. माझ्या लेखाच्या आगेमागे कुठेतरी घरे विकणाऱ्या एजंटाची जाहिरात असणार आणि नवीन उघडलेल्या एखाद्या रेस्टॉरंटची तर असणारच. या जाहिरातींच्या पैशांवरच आपली आरास, महाप्रसाद आणि मुलांची नाटुकली पार पडतात. तेव्हा त्यांच्याविरुद्ध लिहायला मी बसलेले नाही. पण अटलांटासारख्या वाढत्या शहरात राहताना एक प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनातून जात नाही. शहर देखणे होते, त्याचा आनंद आणि फायदा आपल्याला मिळतो. त्यापायी ज्याला जागा सोडावी लागते, त्याचे आपण काही देणे लागतो का?

आपल्यापैकी बहुतेक जण बेल्टलाइनवर फिरून आलेले आहेत. शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गांची २२ मैलांची कडी जोडून तिथे पायवाट, बागा आणि सार्वजनिक वाहतूक आणावी, ही कल्पना रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने १९९९ साली जॉर्जिया टेकमधल्या आपल्या प्रबंधात मांडली. पूर्वेकडची पायवाट २०१२ साली खुली झाली. सिअर्स कंपनीची १९२६ सालची अवाढव्य इमारत २०१४ मध्ये पॉन्स सिटी मार्केट झाली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लहानाचे मोठे झालेले मेहेरवान इराणी यांनी तिथे 'बोटीवाला' काढले, याचे आपल्याला केवढे कौतुक! भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो आणि हे शहर जणू आम्हीच बांधले अशा थाटात दाखवतो.

मला मात्र ती इमारत पहिल्यांदा पाहिली तेव्हा परळ आठवले. मी १९९३ साली केईएममधून एम.बी.बी.एस. झाले. योगायोग असा की केईएमही १९२६ सालचेच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. मी वॉर्डात काम करू लागले तेव्हा त्याला दहा वर्षे होऊन गेली होती, पण कापसाच्या धुळीने छाती गेलेले कामगार ओपीडीत येतच होते. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ च्या नियमाने तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. फिनिक्स मिलचा मॉल झाला. भारतात गेले की मीसुद्धा तिथे जाते आणि कॉफी पिऊन येते.

इथे माझी एक जुनी पेशंट होती. वय सत्तरच्या आसपास, मधुमेह आणि रक्तदाब. अटलांटाच्या वेस्ट एंड भागात ती बावीस वर्षे भाड्याच्या घरात राहत होती. दर भेटीत मी तिला एकच सांगत असे, चाला. ती म्हणे, "कुठे चालू? फुटपाथ तरी आहे का?" २०१७ साली बेल्टलाइनची पश्चिमेकडची पायवाट तिच्या घराजवळून गेली. ती खरोखर चालू लागली, तिची साखर ताब्यात आली आणि मी ते माझेच यश समजले. त्याच सुमारास जवळच्या जुन्या गोदामांत बिअर बनवणारे आले, मागून खाण्यापिण्याच्या जागा आल्या. २०१९ मध्ये तिच्या मालकाने घर विकले. घेणाऱ्याला घर रिकामे हवे होते. ती विमानतळाच्याही दक्षिणेला लांब भाचीकडे राहायला गेली. दोन बस बदलून माझ्याकडे आली तेव्हा तिची तीन महिन्यांची सरासरी साखर सातवरून साडेनऊवर गेली होती. मला म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही सांगितलेत म्हणून चालले. रस्ता चांगला होता. आता तो दुसऱ्यांचा झाला." तिने तक्रार म्हणून हे सांगितले नाही. बाहेर ऊन आहे असे सांगावे, तसे सांगितले.

मला त्या दिवशी पुढचे पेशंट नीट तपासता आले नाहीत. त्याचे कारण आजवर मी कुणाला सांगितलेले नाही.

२०१६ साली आम्ही चार कुटुंबांनी मिळून एक छोटी कंपनी काढली आणि शहराच्या पश्चिम भागात दोन जुनी घरे घेतली. दुरुस्त केली, रंगवली, चौदा महिन्यांनी विकली. आमच्या वाट्याच्या नफ्यातून लेकीच्या कॉलेजची एका वर्षाची फी निघाली. करारात एक ओळ होती: ताबा देताना घर रिकामे असावे. मी सही केली. घर पाहायला गेले तेव्हा एका दारावर चिकटवलेली सूचना होती: आत ऑक्सिजन चालू आहे, धूम्रपान करू नये. इतरांना ती दिसली नसेल, दिसली तरी कळली नसेल. मी डॉक्टर आहे. त्या दारामागे फुप्फुसे निकामी झालेले कुणीतरी झोपत होते, हे मला त्याच क्षणी कळले. ते माणूस कोण, ते नळ्या आणि यंत्र घेऊन कुठे गेले, हे मी विचारले नाही. आठवड्याने रंगाऱ्याने ती सूचना खरवडून काढली.

या गोष्टीची दुसरी बाजू मी स्वतःशी अनेकदा मांडून पाहिली आहे. आम्ही कायदा मोडला नाही. विकणाऱ्याला त्याने मागितलेली किंमत मिळाली. पडायला आलेले घर उभे राहिले. ज्यांची घरे स्वतःची होती त्यांपैकी कित्येकांना चांगले पैसेही मिळाले. आणि आपणही दोन बॅगा घेऊन आलेली माणसे. पै पै साठवून कुठे गुंतवली तर त्यात पाप काय? हे सगळे खरे आहे. जुने शहर जसेच्या तसे काचेच्या कपाटात ठेवा, असे मलाही वाटत नाही. पायवाट झाली नसती तर माझी पेशंट दोन वर्षेही चालली नसती.

पण मालक आणि भाडेकरू यांत इथे जमीनअस्मानाचे अंतर आहे. मुंबईत पागडीच्या भाडेकरूला काढायचे म्हणजे मालकाच्या दोन पिढ्या जातात! जॉर्जियात शहराने भाड्यावर मर्यादा घालायची म्हटले तरी राज्याचा कायदा तशी परवानगी देत नाही. २०१८ सालापासून बेल्टलाइनच्या परिसरात दहा किंवा अधिक भाड्याची घरे बांधणाऱ्याला त्यांतली दहा ते पंधरा टक्के घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवावी लागतात. नियम चांगला आहे, पण तो नव्या इमारतींना. जुन्या घरातून निघालेल्या म्हातारीला त्याचा काय उपयोग? २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल यांनी बेल्टलाइन पार्टनरशिपच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला. परवडणाऱ्या घरांकडे आणि समन्यायाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्याने स्वप्न पाहिले त्याच्याच मनात ही टोचणी होती, तर आपण अगदी निश्चिंत कसे?

माझी आजी तान्हे मूल पाहायला गेली की नुसत्या गुबगुबीत गालांवर समाधान मानत नसे. ती बाळाच्या पायावर बोट दाबून पाही. खड्डा तसाच राहिला तर म्हणे, "अगं, हे बाळसे नव्हे, सूज आहे." आजी चौथी शिकलेली. पुढे मेडिकलला मला हीच तपासणी शिकवली. बाळसे म्हणजे सगळे अंग पोसले जाणे. सुजेनेही वजन वाढते, पण ते आतल्या दुखण्याचे लक्षण असते. शहराचे गाल तर आपण रोज पाहतो. पाय पाहायचे तर त्याच पॉन्स सिटी मार्केटच्या ओल्ड फोर्थ वॉर्डमध्ये ४६० खाटांचे अटलांटा मेडिकल सेंटर १ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाले. ते बेल्टलाइनमुळे बंद झाले असे मी म्हणत नाही. पण जिथे जेवायच्या इतक्या जागा उघडल्या तिथेच आजारी माणसाची जागा गेली, याची नोंद डॉक्टर म्हणून मी तरी घ्यायला हवी.

मग करायचे काय? दोन वर्षांपूर्वी आमच्या त्याच मित्रांनी नवा बेत आणला. एका जुन्या दुकानांच्या रांगेत लाँड्री, किराणा आणि केशकर्तनालय होते. त्यांची मुदत संपली की तिथे तीन रेस्टॉरंटे करायची. मी विचारले, "त्या तिघांचे काय?" कुणी हसले, कुणी म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बिझनेसमध्ये भावना आणू नका." मी रागाने बाहेर पडले. घरी आल्यावर हलके वाटले. नवरा शांतपणे म्हणाला, "तू बाहेर पडलीस, पण लाँड्री वाचली का?"

ती वाचली नाही. आता तिथे उत्तम डोसा मिळतो म्हणतात.

तेव्हा मला कळले की आपले हात स्वच्छ ठेवणे आणि कुणाचे भले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आत राहिले असते तर कदाचित त्या तिघांना सहा महिन्यांची मुदत, हलण्याचा खर्च किंवा एखादा कोपरा परवडेल अशा भाड्यात मिळवून देऊ शकले असते. माझी पहिली चूक न विचारण्याची होती. दुसरी चूक एकदाच विचारून उठून जाण्याची.

आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून शिकवतात: औषध लिहिण्याआधी पेशंटची हकिकत घ्या. घर किंवा दुकान घेतानाही सहीपूर्वी हकिकत घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. इथे कोण राहते, किती वर्षे, पुढे कुठे जाणार, आणि त्यांचे जाणे थोडे कमी कठीण करायला आपल्या नफ्यातला किती भाग लागेल? उत्तर प्रत्येक वेळी सोयीचे असणार नाही. पण विचारले की निदान माणूस दिसते.

लहानपणी दिवाळीत वडिलांच्या नव्या वहीवर गणपतीच्या चित्राशेजारी 'शुभ लाभ' लिहिलेले असे. नुसते 'लाभ' मी कधी पाहिले नाही. यंदा बाप्पापुढे हात जोडताना, ज्या पहिल्या शब्दाकडे मी इतकी वर्षे लक्ष दिले नाही तो लक्षात राहू दे, एवढेच मागणार आहे. आणि त्या दारामागचे माणूस जिथे असेल तिथे त्याला श्वास पुरत असो.

गणपती बाप्पा मोरया!